हळद लागलेली मोटार

मोटार स्वच्छ आहे की नाही, हे तिच्या रंगावरून ठरवू नये. तिच्या काठांवरून ठरवावे. लुगड्याला जसे काठ असतात तसे मोटारीलाही असतात. पुढचा आणि मागचा बंपर, दिव्यांभोवतीच्या कड्या, समोरची जाळी, दारांवरून जाणाऱ्या चकचकीत पट्ट्या, काचांना धरून ठेवणारे रबर, मडगार्डच्या सांध्यात बसवलेले बीडिंग, हे सारे तिचे काठ. रंग धुणे कोणालाही जमते. काठ राखणे हे स्वतंत्र काम आहे, आणि ते मी साठ-सत्तरच्या दशकांत सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ हमरस्त्याच्या कडेला केले.

मी मूळचा शिक्षक. भोरजवळच्या एका शाळेत काही काळ हंगामी नोकरी केली. ती जागा भरली गेली आणि मी माझ्या मामांच्या मोटारी धुण्याच्या जागेवर आलो. लोक मात्र शेवटपर्यंत मला मास्तरच म्हणत राहिले. काही आदराने म्हणत, काही "गाडी धुनारं मास्तर" असे लांबवून म्हणत. शाळेने मला दोन सवयी दिल्या होत्या: काम क्रमाने करणे आणि प्रत्येक गोष्टीचे कारण सांगणे. पहिलीने माझे पोट भरले. दुसरी एकदा अगदी भलत्या वेळी माझ्या तोंडून बाहेर पडली, आणि त्या दिवशी जे पाहिले त्याचा धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

आधी काम समजावून सांगतो. बंपरवर जो चकाकणारा मुलामा असतो त्याला आमच्याकडे सरसकट 'निकल' म्हणत. तो मुलामा अतिशय पातळ असतो. म्हणून त्यावर वाळू, राख किंवा विटेची पूड कधीही चालवू नये. मी खडू वापरत असे. शाळेतला साधा पांढरा खडू बारीक कुटून, वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून मलमलीच्या चिंधीने हलके फिरवला की निकल आरशासारखे होते. गंजाचा ठिपका असेल तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद ओला करून त्यावर घासावा. ठिपका निघतो आणि ओरखडा उठत नाही. बीडिंगच्या फटीतली धूळ काढायला कडुलिंबाच्या काडीचे टोक ठेचून कुंचा करावा. रबराला रॉकेल लावू नये, ते फुगते. गोडेतेल लावू नये, त्याला मुंग्या आणि उंदीर येतात. एरंडेलाचा थेंब चिंधीवर घेऊन पुसावा आणि कोरड्या फडक्याने परत टिपून घ्यावा. शेवटी मेण. वेल्ह्याकडच्या डोंगरातून मोहोळाचे मेण बाजारात येई. ते टर्पेंटाइनमध्ये, गरम पाण्यात भांडे ठेवून विरघळवायचे. थेट विस्तवावर धरायचे नाही. मेणाचा हात फिरवला की पावसाचे पाणी काठावर थांबत नाही. आणि एक पथ्य: धुण्याचा सोडा मोटारीजवळ आणू नये. तो मेण काढून टाकतो आणि पट्ट्यांचे तेज मारतो.

ही सारी पथ्ये मी गिऱ्हाइकांकडून तोंडपाठ करून घेत असे. तरीही भोरच्या एका सद्गृहस्थांची मोटार एकदा आली आणि मी जागीच उभा राहिलो. बंपरवरचे तेज गेले होते, सगळीकडे गोल गोल ओरखडे उठले होते. गृहस्थ हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "मास्तर, सणासाठी आमच्या आईनं सोता चिच आन् राख लावून घासलीया. घरची समई घासती तशी!"

त्या माउलीने मोटार नासवली नव्हती. तिला घरातलीच एक मानले होते. हे मला त्या वेळी नीट उमगले नाही. उमगायला एक लग्न घडावे लागले.

सारोळ्यात एका मालकाची पांढरी मोटार होती. टायरांवर पांढरे पट्टे, दारांवर लखलखीत पट्ट्या, मागच्या काचेभोवती फिकट रंगाचे रबर. लग्नसराईत ती भाड्याने जाई. मालकाची अट अशी की मोटार लग्नाला गेली तर तिच्याबरोबर मीही जायचे आणि वरात निघण्यापूर्वी तिचे काठ पुसायचे.

त्या वर्षी सारोळ्याजवळच्याच एका शेतकरी घरातले लग्न होते. मुलगी वेल्ह्याकडची. नवऱ्या मुलाच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. शांत, मोजके बोलणारे गृहस्थ, हातात कायम तंबाखू-चुन्याची डबी. पण त्या घरात शब्द चाले तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्काबाईंचा. मुलाची आई त्याच्या लहानपणीच गेली होती आणि या आत्याने त्याला स्वतःच्या लेकरासारखे वाढवले होते. कपाळावर रुपयाएवढे ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की दारातला बैल मान वर करून पाही.

मी मोटार तयार करून त्यांच्या दारात उभी केली तेव्हा अंगणात हळदीचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. आक्काबाई हळदीचे ताट घेऊन थेट मोटारीकडे आल्या. तेलात कालवलेल्या त्या दाट हळदीचा पहिला पंजा त्यांनी बंपरवर मारला.

"आक्काबाई, थांबा," मी म्हणालो. "फिकट रबरावर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर डाग पडेल."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "डाग? मास्तर, डाग म्हनू नगा. हळद हाय ती. नवरदेवाला लागली, मंग त्याला घिऊन जानारीला नगं व्हय?"

"बंपरवर बोट लावा ना, एवढे पुरे."

"नवरदेवाला काय नुसतं एक बोट लावत्यात? गप बसा. ए पोरींनो, या गं! चाकास्नीबी लावा. मागल्या काचंलाबी लावा."

आणि त्या सगळ्याजणी गाणी म्हणत मोटारीला भिडल्या. पाहता पाहता माझे निकल, माझे रबर, टायरांचे पांढरे पट्टे, सगळे पिवळेजर्द झाले. मी मनाची समजूत घातली: हळद उन्हात उडते, परत आल्यावर पाहू.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघाले. हमरस्ता सोडून नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो की तांबडी धूळ सुरू होई. मुलीच्या गावाच्या वेशीवर पोहोचेतो मोटारीवर धुळीचा थर बसला होता. समोर तोरणा उन्हात तापत होता. नवरा मुलगा मारुतीच्या देवळात गेला, वऱ्हाडाला शाळेच्या पडवीत पोहे आणि चहा मांडला होता.

मी बादली आणि फडकी काढली. तेवढ्यात मुलीचे मामा धावत आले. मुलीचे वडील हयात नव्हते. लग्नाचा सगळा भार या एका माणसाने उचलला होता. नवे पांढरे धोतर, नवा सदरा, आणि तोंडावर पाहुण्यांचे काय कमी पडते याची सततची काळजी.

"मास्तर, तुमी पावनं. तुमी गाडी धुनार आन् आमी बगत बसनार व्हय? जावा, च्या घ्या. गाडी आमी धुतू."

"मामा, नुसते पाणी घाला. चोळू नका."

"म्या काय येडा हाय का? जावा तुमी."

मी गेलो. पोहे संपवून चहाची बशी तोंडाला लावली असेल, एवढ्यात देवळाकडून किंकाळी आली.

मी धावत पोहोचलो आणि जे पाहिले ते आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. मोटार रक्तबंबाळ झाली होती. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. बंपरवरून लाल ओघळ खाली टपटपत होते. टायरांचे पांढरे पट्टे लालभडक होते. मागच्या काचेच्या कडेने लाल रेघा उतरत होत्या. आणि मधोमध मामा उभे होते: नवे धोतर गुडघ्यापर्यंत लाल, सदऱ्यावर लाल शिंतोडे, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. त्यांच्या हातातून फडके गळून पडले होते. ते स्वतःच्या हातांकडेच पाहत राहिले होते.

कारण मला क्षणात कळले. मोटार अधिक उजळ दिसावी म्हणून मामांनी परटाकडून धुण्याचा सोडा आणला होता आणि गरम पाण्यात कालवून वापरला होता. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. हे शाळेत मी स्वतः मुलांना करून दाखवले होते. पण कळणे निराळे आणि पाहणे निराळे. 

किंकाळी आक्काबाईंची होती. त्या देवळाच्या पायरीवर मटकन बसल्या होत्या.

"रगात! गं माझे बाय, गाडीला रगात सुटलं!"

गर्दी जमायला वेळ लागला नाही.

"गाडीखाली कोन घावलं का?"

"कोनबी न्हाई. आपसूक आलंय म्हनं."

"आपसूक? मंग द्येवीचं काय तरी राह्यलंय."

"मामाचं हात बगा की! त्यानं कायतरी कापलंय."

आक्काबाई उठल्या. आता आवाज रडका नव्हता. "तात्या, गाडी वळवा. वेशीवर हळदीचं रगात झालंय. माज्या पोराला म्या ह्या मांडवात न्हेनार न्हाई."

 या वाक्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. वेशीवरून वऱ्हाड परतले की त्या मुलीला पुन्हा स्थळ येत नाही. दोष मोटारीचा राहत नाही, तो मुलीच्या कपाळी चिकटतो. मामा खाली बसले आणि त्यांनी ते लाल हात तोंडावर घेतले. आता त्यांचा चेहराही लाल झाला.

तात्या डबी हातात तशीच धरून उभे होते. "आक्का, जरा दमानं घे," एवढेच ते म्हणाले.

मला राहवले नाही. मी पुढे झालो. "मंडळी, ऐकून घ्या. हे रक्त नाही. हा रासायनिक बदल आहे. हळदीमध्ये एक रंगद्रव्य असते, आणि सोड्यासारख्या पदार्थाशी त्याचा संयोग झाला की..."

"मास्तर," आक्काबाईंनी मला तिथेच तोडले, "काल डाग डाग तुमीच म्हनत हुता न्हवं? अशुभ बोलला ते तुमी! काय बदल क्येला तुमी गाडीत?"

"मी काही केलेले नाही. मी सिद्ध करून दाखवतो. मला फक्त एक लिंबू द्या."

लिंबाच्या रसाने लाल रंग परत पिवळा होतो, हे मला दाखवायचे होते. पण 'लिंबू' हा शब्द उच्चारताच सारी गर्दी मागे सरली. एका बाईने लेकराचे तोंड पदराखाली घेतले. "ह्यो मास्तर हाय का द्येवरशी?" असे कोणीतरी पुटपुटले. माझ्या ज्ञानाने प्रकरण मिटण्याऐवजी आणखी चिघळले होते. मी मागे झालो.

मालकाचा ड्रायव्हर मोटारीत बसला. नवऱ्या मुलाला देवळातून बाहेर आणले. तो पोरगा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

त्याच वेळी मांडवाकडून एक बाई येताना दिसली. विटलेले लुगडे, रिकामे कपाळ, अनवाणी. लोकांनी वाट दिली ती आदराने नव्हे, तर अंगाला अंग लागू नये म्हणून. ही मुलीची आई, सरूबाई. नवरा गेल्यापासून मंगल कार्यात पुढे यायला तिला मनाई होती. पोटच्या मुलीच्या लग्नातही ती सकाळपासून चुलीमागेच होती. आणि ती आता वऱ्हाडाला सामोरी येत होती, साऱ्या गावादेखत. रक्ताच्या कल्पनेने लोक जेवढे हादरले नव्हते तेवढे या दृश्याने हादरले. मीही त्यांतलाच. सुशिक्षित म्हणवणाऱ्या माझ्याही मनात पहिला विचार आला तो हाच की, ही बाई आता कशाला आली?

सरूबाई कोणाकडे न पाहता मोटारीपाशी गेली. बंपरवरच्या लाल ओघळाला तिने बोट लावले, अंगठ्याशी चोळले, नाकाशी नेले.

"रगात न्हाई ह्ये," ती म्हणाली. "हळदीला सोड्याचा खार लागलाय. हळदीचं कुकू झालंय."

आक्काबाई उसळल्या. "तू मागं हो! पांढऱ्या कपाळानं वऱ्हाडाम्होरं आलीस, आन् वर कुकवाचं सांगतीस मला? तुला काय ठावं गं कुकू?"

या शब्दांनी आम्ही सारेच चरकलो. सरूबाईने मान वर केली. आवाज चढला नाही.

"सासूसंगट लई वरसं कुकू क्येलंय म्या. वेल्ह्याच्या बाजारात आमचंच इकायचं. मालक गेल्यावर तो धंदा सुटला. आक्काबाई, मला कुकू लावायला बंदी हाय. वळखायला न्हाई."

मग ती तात्यांकडे वळली, पदर सावरून. "व्याहीबुवा, तुमची चुन्याची डबी द्येता का जरा?"

तात्यांनी डबी पुढे केली. सरूबाईने मडगार्डच्या सांध्यात, जिथे सोड्याचे पाणी पोहोचले नव्हते, तिथली थोडी पिवळी हळद नखाने काढून स्वतःच्या डाव्या तळव्यावर घेतली. डबीतला चुना बोटावर घेतला आणि सर्वांसमोर चोळू लागली. पिवळे गेले, नारिंगी आले, आणि पाहता पाहता तळवा लालभडक झाला. तिने तो हात आक्काबाईंपुढे धरला.

"बगा. तुमच्या कपाळावर काय हाय मंग? रगात?"

पहिल्यांदा हसले ते तात्या. "आक्का," ते म्हणाले, "हळद तूच फासलीस की गाडीला. आन् आता तूच बोंब मारतीस!" मग मागून कोणी हसले, आणि एकदम सगळी गर्दीच हसू लागली. मामा तेवढे हसले नाहीत. ते लाल चेहऱ्यानेच रडत होते.

आक्काबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, बोटाकडे पाहिले, सरूबाईच्या तळव्याकडे पाहिले. "चला मांडवात," एवढेच म्हणाल्या. सरूबाई तोवर वाट काढत चुलीमागे निघून गेली होती.

मी मोटार पुसायला घेतली तेव्हा तात्यांनी मला थांबवले. "असू द्या मास्तर. अशीच न्येऊ." लाल चाकांची, लाल बंपरची ती मोटार वाजतगाजत मांडवापर्यंत गेली. सोड्याने माझे सारे मेण खाल्ले होते, हे मला त्या गडबडीतही दिसत होते. मी पहिल्यांदाच त्याबद्दल काही बोललो नाही.

अक्षता पडल्या, जेवणे झाली, मुलीची पाठवणी आली. सुवासिनी ओटी भरत होत्या, एकेक जण नवरीला कुंकू लावत होती. शेवटी करंडा आक्काबाईंच्या हातात आला. सगळ्यांची समजूत अशी की आता त्या लावतील आणि मोटार निघेल. त्यांनी करंडा बंद केला आणि चुलीच्या दिशेने हाक मारली.

"विहीनबाई! भाईर या."

सरूबाई दाराच्या आडोशाला येऊन थांबली. पुढे येईना.

"या म्हनते न्हवं? पोरीला कुकू लावा."

 एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं आक्का, असं कुठं असतंय?" दुसरी उठून निघूनच गेली. मी लग्ने पुष्कळ पाहिली होती. असे काही पाहिले नव्हते, ऐकलेही नव्हते. माझ्या हातातले फडके मी घट्ट धरून ठेवले होते.

"कुठं असतंय ते म्या काय सांगू?" आक्काबाई म्हणाल्या. "हितं हाय. ज्यानं बनवलं त्यानं लावायचं न्हाई, तर कुनी लावायचं? करंड्यातलं नगं. तुमच्या हातचं लावा."

सरूबाई पुढे आली. आणि तेव्हा आम्हाला दिसले की तिची डावी मूठ मिटलेली होती. वेशीवरून परतल्यापासून तिने एका हातानेच काम केले होते. तो हात धुतला नव्हता. तिने मूठ उघडली. तळव्यावर वेशीवरचे कुंकू वाळून बसले होते. लेकीने खाली वाकून आपल्या डोळ्यांतले पाणी बोटावर घेतले, आईच्या तळव्यावर टेकवले, आणि त्या ओल्या झालेल्या लालीत आईचे बोट स्वतः धरून आपल्या कपाळाकडे नेले.

सारोळ्याला परतल्यावर मालक मोटारीभोवती फिरला आणि मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. कोणाला उपयोगी पडेल म्हणून पुढचे सांगतो. साध्या पाण्याने धुतल्यावर लाल गेले आणि पिवळे उरले. पिवळ्यावर साबण लावू नये. मोटार नुसती उन्हात उभी करावी, रोज बाजू बदलावी. ऊन हळद हळूहळू खाऊन टाकते. मग खडू, मग मेण. पांढरे पट्टे पहिल्यासारखे झाले आणि मालकाचा राग निवला.

पण ऊन जिथे पोहोचत नाही तिथे हळद राहते. मागच्या काचेच्या रबराची कड नखाने उचलली की आत एक पिवळी रेघ दिसे. पुढे कित्येक वर्षे ती मोटार माझ्याकडे येत राहिली, आणि काम संपले की मी ती कड उचलून पाहत असे. एकदा मालकाने मागून येऊन ते पाहिले.

"मास्तर, एवढी पॉलिशं करता, आन् ह्यो डाग तसाच ठिवलाय?"

डाग म्हणू नका, असे मला एकदा बजावण्यात आले होते. मी चिंधीवर एरंडेलाचा थेंब घेतला, रेघेला धक्का न लावता वरच्या रबराला पुसला आणि कड परत मिटवली.